दुणं व्रत

"थांबा!"

कंचनबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मुगाच्या पाण्याचा चमचा तिथल्या तिथे थबकला. पारण्याची सकाळ होती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही... आणि असं हे सलग दहावं वर्ष! कारंज्यातल्या त्या मोठ्या घराच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. समाजातल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या, सूनबाई रिंकू चांदीची वाटी धरून उभी होती, मुलगा श्रेयांस मोबाईलवर चित्रण करत होता, आणि देवेंद्रशेट, ज्यांनी उभ्या जन्मात बायकोला हातानं पाणी पाजलं नव्हतं, ते आज सगळ्यांच्या देखत चमचा धरून बसले होते. दहा वर्षांचं व्रत पुरं झालं होतं. आता उद्यापन! मंडल विधानाची पूजा, रथ, बँड, मंदिराला चांदीची उपकरणं, सगळ्या समाजाला जेवण... शेटजींनी तर मंडपवाल्यालाही सांगून ठेवलं होतं.

"काय झालं, कंचन? गरम आहे का?" देवेंद्रशेटांनी विचारलं.

"नाही," कंचनबाई म्हणाल्या. आवाज उपासानं खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "उद्यापन करायचं नाही मले."

श्रेयांसनं मोबाईल खाली घेतला.

"काहून?" शेटजींनी विचारलं.

"मनच नाही राह्यलं."

बस्स, एवढंच! अहो, ज्या बाईच्या नावानं महिन्याभरात गावातून रथ निघायचा, तिनं असं बोलावं? बायकांच्या भुवया वर गेल्या. कोणी म्हणालं उपासानं डोकं फिरलं, कोणी कुजबुजलं की पैशाचा मोह सुटत नाही हो शेवटी! कारण उद्यापनाचा पैसा कंचनबाईंचा स्वतःचा होता, माहेरच्या वाट्याचा. वडिलांनी तो देताना सांगितलं होतं, धर्माच्या कामाला लाव. तो त्यांनी बँकेत जपून ठेवला होता, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. देवेंद्रशेटांनी चमचा वाटीत ठेवला. अपमानानं त्यांचे कान लाल झाले. ते उठले आणि जाता जाता एवढंच बोलले, "समाजात माह्यं नाक कापलं तू."

पारणं रिंकूनं करवलं. सुनेच्या हातून मुगाचं पाणी पिताना कंचनबाईंच्या डोळ्यांतून दोन आसवं ओघळली आणि वाटीत पडली... पण त्यांचं कारण त्या घरात कोणालाही माहीत नव्हतं!

कारण होती जिनल. श्रेयांस-रिंकूची बारा वर्षांची लेक, कंचनबाईंच्या काळजाचा तुकडा.

रिंकूचं माहेर नागपूरचं. तिचा भाऊ अर्पित एका उन्हाळ्यात भाचीला गोल्फच्या मैदानावर घेऊन गेला, सहज, गंमत म्हणून. आणि ही पोट्टी त्या खेळाच्या अशी मागे लागली की विचारू नका! मामानं तिला एक जुनी काठी आखूड करून दिली, ती घेऊन ती कारंज्याला आली, अन् घरात चेंडूच चेंडू! देवघराच्या उंबऱ्यापाशी चेंडू, डाळीच्या टोपल्यात चेंडू. देवेंद्रशेट दर दुसऱ्या दिवशी पाय घसरता घसरता वाचत. "ही पोरगी एक दिवस मले सिद्धशिलेवर, मोक्षालेच पाठवते!" म्हणून ओरडत, तेव्हा घरभर हसू फुटे. तोवर सगळं हसण्यावारीच होतं.

मग अर्पितनं निरोप आणला. क्लबातले कोच म्हणत होते, पोरीच्या हातात जादू आहे. पण पाहुणी म्हणून कधीमधी येऊन भागत नाही, स्पर्धेत उतरायचं तर ज्युनिअर मेंबरशिप घ्यावी लागेल, आणि तेरावं लागायच्या आत. फी ऐकून श्रेयांसचा चेहराच पडला. दुकान वडिलांचं, तिजोरीची किल्ली वडिलांच्या कमरेला, त्यानं मागायचं कोणाकडे?

मागितलं रिंकूनं. एका संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधीचं जेवण आटोपल्यावर, ती सासऱ्यांसमोर पदर सावरून उभी राहिली. देवेंद्रशेटांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा खेळ कशावर खेळतात?"

"गवतावर, बाबा."

"अन् काठी मारली का गवत उखडते?"

"...थोडंसं."

"आमी चातुर्मासात हिरव्या गवतावर पाय ठेवत नाही, सूनबाई! वाट वाकडी करून जातो. अन् या घरची लेक पैसे भरून गवत उखडाले जाईन? अनंत जीव असतात त्याच्यात! या घरातला एक पैसा त्या कामाले जाणार नाही. सांगून ठेवतो."

रिंकूनं आशेनं सासूकडे पाहिलं. आई काही बोलतील... एक शब्द तरी! पण कंचनबाई तांदूळ निवडत राहिल्या. त्यांनी वर मान केली नाही. रिंकूच्या मनात त्या दिवशी जो काटा रुतला, तो रुतलाच.

कंचनबाई गप्प बसल्या, कारण त्यांना नवरा ठाऊक होता. देवेंद्रशेट वाईट नव्हते हो! दुकानातल्या धान्यात सोंडा सापडला तर कागदावर घेऊन बाहेर सोडून येणारा माणूस. पण एकदा धर्माचं नाव घेऊन बोलले की त्यांना वळवणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. तेव्हा त्या बोलल्या नाहीत, पण विसरल्याही नाहीत. कामरगावच्या शेतातली दिवाळीतली एक दुपार त्यांच्या मनात घर करून होती.

सोयाबीन निघालेलं, रान मोकळं. शेतावरची प्रयागबाई सांगत आली होती, "पाहा ना वो बाई, तुमची पोट्टी सकाळपासून एका जागी उभी राहून काठी घुमवून राह्यली. जेवाले बोलावलं तर आयकेच ना!"

कंचनबाई बांधावर गेल्या. जिनल पाठमोरी उभी होती. पाय रोवलेले, मान खाली, नजर चेंडूवर. वारा तिचे केस उडवत होता, तिला पत्ता नव्हता. एक गांधीलमाशी कानाशी घोंगावून गेली, ती हलली नाही. श्वास जणू आत कुठेतरी ठेवून दिलेला... मग काठी फिरली, टक् असा आवाज आला, आणि चेंडू पार नाल्यापलीकडे!  रोज पहाटे सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसताना जी स्थिरता कंचनबाईंना अर्धा जन्म घालवून जेमतेम लाभत होती, ती या लेकराला उभ्या उभ्या लाभली होती!

"आजी, तू कवा आली?" जिनल धावत आली. मग मागे वळून, काठीनं उडालेलं ढेकूळ उचलून तिनं जागेवर बसवलं आणि पायानं दाबलं.

"हे काय करून राह्यली?"

"मामा म्हणते, उखडलेलं गवत परत जागेवर बसवाच लागते. न बसवलं तर तिथले लोक रागावतात. बसवलं का जीव धरते ते."

"असं का?" कंचनबाई कितीतरी वेळ त्या ढेकळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग बसवताना क्षमा पण मागत जा त्याची."

म्हणून तर पर्वाच्या आधी त्यांनी अर्पितला एकट्याला गाठलं.

"भाचीले मामानं देल्लेलं कोणी परत करत नाही, खरं ना?"

"नाही करत, काकू. पण मी आत्ताच घराचं कर्ज घेतलंय, माझी ऐपत..."

"ऐपत माही आहे. नाव तुह्यं लागन." आणि त्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं. या घरचा पैसा म्हटलं असतं तर देवेंद्रशेटांनी पोरीला दुसऱ्याच दिवशी माघारी आणली असती. मामाच्या देण्याला मात्र तेही नाही म्हणू शकत नव्हते!

पण मग व्रताचं काय? त्याचं उत्तर कंचनबाईंना लहानपणापासून माहीत होतं. ज्याची उद्यापनाची शक्ती नसेल, त्यानं व्रत दुणं करावं. दहा वर्षांचं केलं असेल तर आणखी दहा वर्षं. गरिबाघरच्या बायका तसंच करत. देवेंद्रशेटांच्या घराण्यात ती वेळ कधी कोणावर आलीच नव्हती, म्हणून तिथे हा नियम कोणाच्या आठवणीतही नव्हता. एकसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, त्या माउलीनं आणखी दहा भाद्रपद उपाशी काढायचे मनात ठरवलं... आणि पारण्याच्या चमच्यापुढे हात धरला.

पुढचं वर्ष कसं गेलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक! देवेंद्रशेट कामापुरतं बोलत. मंदिरात बायका सरकून बसत. जिनल मात्र दर शनिवारी समृद्धी महामार्गानं बापाबरोबर नागपूरला जाई आणि रविवारी उन्हानं रापून, डोळे चमकवत परत येई. तेवढ्यासाठी कंचनबाई आठवडा ढकलत.

एकदा ती कप घेऊन आली. ज्युनिअरांच्या स्पर्धेत तिसरी! वीतभर उंचीचा तो कप दिवाणखान्यात फडताळावर लागला. दुसऱ्या दिवशी कंचनबाई हातात फडकं घेऊन तो पुसायला गेल्या, पदरानं आधी हात पुसले, उचलणार...

"राहू द्या, आई!" मागून रिंकूचा आवाज आला. "माझ्या भावानं पोटाला चिमटा घेऊन पोरीला शिकवलं. ज्यांनी तिच्यासाठी एक शब्द खर्च केला नाही, त्यांनी आता हात लावू नये."

कंचनबाईंचा हात हवेतच राहिला. सांगून टाकावं का? एका वाक्याचं तर काम होतं! शब्द ओठांपर्यंत आले... पण ते वाक्य या भिंतींतून दुकानापर्यंत जायला किती वेळ लागणार होता? आणि मग तो कप पहिला आणि शेवटचाच ठरला असता. त्यांनी फडकं घडी करून कमरेला खोचलं आणि "बरं बाई" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे चुलीकडे तोंड करून त्या रडल्या. इतका अन्याय सोसूनही त्यांना रिंकूचा राग येईना. लेकरासाठी आई अशीच बोलणार, असं त्या स्वतःलाच समजावत राहिल्या.

आणि भाद्रपद आला. पंचमीचा दिवस, पर्वाचा पहिला दिवस. मंदिरात व्रताचे संकल्प चालले होते. बाहेरगावाहून आलेले पंडितजी एकेकीचं नाव विचारत होते. कंचनबाई उठून पुढे आल्या तशी बायकांत चुळबुळ झाली.

"बाईजी, नवीन व्रत घेता का?" पंडितजींनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

कंचनबाईंनी हात जोडले. देवापुढे, संकल्पाच्या वेळी, खोटं कसं बोलणार? "नाही, पंडितजी. दुणं."

"म्हणजे मागचं उद्यापन झालं नाही?"

"नाही. शक्ती नव्हती."

पुरुषांच्या बाजूला देवेंद्रशेट पूजेची थाळी घेऊन उभे होते. ती थाळी कलली आणि अक्षता फरशीवर सांडल्या. शक्ती नव्हती? त्यांच्या घरात? पैसा तर बँकेत होता! जिला मोह सुटत नाही म्हणून लोक हसले, आपण वर्षभर जिच्याशी धड बोललो नाही, ती म्हणते शक्ती नव्हती... आणि कंचन देवापुढे खोटं बोलत नाही, हे चाळीस वर्षं संसार करून त्यांना माहीत होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "कंचन, तुह्ये पैसे कुठी गेले?"

कंचनबाई पाटावर बसून होत्या. त्यांनी नुसते हात जोडले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलवत नव्हतं.

"मी विचारून राह्यलो ना! कोणाले देल्ले?"

दारात उभ्या रिंकूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घराचं कर्ज... हप्त्यांची ओढ... जुनी गाडी विकलेला अर्पित... त्याच्याकडे एवढे पैसे आले कुठून? वर्षभर आपण हे स्वतःला विचारलं कसं नाही! तिनं भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला. "अर्पित, खरं सांग. जिनलची फी कोणी भरली?"

 पलीकडून त्याचा आवाज घरभर ऐकू आला, "ताई... काकूंनी वचन घेतलं होतं गं माझ्याकडून..."

फोन हातातून निसटला. रिंकू धावली आणि सासूच्या पायांवर कोसळली. "आई! आई, मी काय बोलले तुम्हाला! तो कप... तुमचा हात मी... मला मारा, आई, पण माफ नका करू!"

"अवो उठ, येडी की काय!" कंचनबाईंनी तिचं डोकं मांडीवर ओढलं. "माह्या नातीसाठी बोलली न तू? मले तर कौतुकच वाटलं. उठ बरं, माह्यं पाणी राह्यलं आजचं."

पण कंचनबाईंची नजर नवऱ्यावर होती. देवेंद्रशेट पायऱ्या उतरून निघून गेले. आता काय होणार? जिनल कोपऱ्यात उभी होती. तिनं हळूच आपल्या काठ्यांची बॅग उचलली आणि आजीच्या पलंगाखाली सरकवली. ते पाहून कंचनबाईंच्या मनात आलं, वर्षभर सोसलं ते सगळं वाया गेलं का?

उपासाचे दिवस एकेक करून सरले. शेटजी बोलत नव्हते. रोज संध्याकाळी मंदिरातून आले की पलंगापासून चार पावलांवर उभे राहत, बायकोच्या सुकत चाललेल्या चेहऱ्याकडे पाहत आणि निघून जात. या खेपेचं पारणं जिनलच्या हातून झालं, आणि तेव्हाही ते खांबाआडच उभे होते.

मग क्षमावणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी सगळा समाज एकमेकांसमोर हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. देवेंद्रशेट दरसाल ओसरीवर बसत आणि घरची माणसं त्यांच्यापुढे येत. या वर्षी ओसरी रिकामी होती. कंचनबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. उंबऱ्यावर सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि त्या लगबगीनं उभ्या राहिल्या. या माणसानं लग्नानंतर कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं!

"उत्तम क्षमा, कंचन," देवेंद्रशेट म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. "मी गवतातले जीव पाहत बसलो... अन् माह्या घरातला जीव उपाशी तुटून राह्यला होता, तो मले दिसला नाही."

"अहो, असं काय बोलता! तुमी हात जोडू नका बाप्पा माह्यासमोर!"

"जोडू दे. अन् तुह्या उद्यापनाचा सगळा खर्च मी करतो. हे दुणं व्रत सोडून दे. तुह्याच्यानं होत नाही आता."

"संकल्प घेतला तो घेतला," कंचनबाई म्हणाल्या आणि कणकेच्या हातानंच डोळे पुसले. मग भीत भीत विचारलं, "जिनलचा खेळ..."

देवेंद्रशेटांनी जोडलेले हात सोडले. "चातुर्मास संपू दे. मी डोळ्यानं पाहीन. मंगच सांगीन."

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि सगळे नागपूरला गेले. मैदानाच्या कडेला देवेंद्रशेट धोतर सावरून उभे होते. पाय गवतावर पडू नये म्हणून बांधीव वाटेवरच! जिनलनं पाय रोवले. मान खाली घातली. कंचनबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, तो हळूहळू बदलत होता. "ही तर..." ते पुटपुटले, "ही तर सामायिकाले बसल्यासारखी उभी आहे."

काठी फिरली. चेंडू निळ्या आभाळात गेला आणि त्याबरोबर गवताचा एक तुकडा उडाला. देवेंद्रशेटांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सगळे चेंडूकडे पाहत टाळ्या वाजवत होते, आणि जिनल चेंडूकडे न पाहता धावली होती त्या तुकड्यामागे. तिनं तो उचलला, जागेवर बसवला, वाकून तळहातानं दाबला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "उत्तम क्षमा."

"दरवेळी असंच करते ती," कोच हसत म्हणाले. "आता तिचं पाहून बाकीची पोरंही न सांगता गवत बसवतात."

देवेंद्रशेटांनी चपला काढल्या. जपून, नीट पाहून, एकेक पाऊल टाकत ते गवतावर उतरले आणि नातीशेजारी वाकले. तो तुकडा एका बाजूनं जरा उचललेला राहिला होता. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला, कितीतरी वेळ दाबून धरला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा भिजला होता. त्यांनी जिनलच्या डोक्यावर हात ठेवला.

"आजोबा, खेळू ना मी?"

"खेळ, माय. खेळ!"

मग ते कोचकडे वळले. "साहेब, तुमच्याकडं फीपायी अडलेलं एखादं लेकरू आहे का?"

"आहे ना. सुकेशनी म्हणून एक मुलगी आहे. जिनलएवढीच चांगली होती, गेल्या महिन्यापासून येणं बंद झालं."

"तिले बोलवा. अन् हिचं व्रत अजून नऊ वर्षं आहे," त्यांनी कंचनबाईंकडे बोट दाखवलं. "जवापर्यंत हे व्रत चालू आहे, तवापर्यंत दरसाल एका लेकराची फी आमच्या घरून येईन. कोणी विचारलं तर सांगा, कंचनबाईचं उद्यापन आहे."

रिंकूनं घरून आणलेला तो वीतभर कप पिशवीतून काढला आणि सासूच्या ओटीत ठेवला.  रथ नव्हता, बँड नव्हता, समाजातली एक बाईसुद्धा पाहायला नव्हती. कंचनबाई नुसत्या कपावरून पदर फिरवत राहिल्या.

परत येताना गाडीत देवेंद्रशेट खाकरून म्हणाले, "पुढच्या भाद्रपदात मी पण बसतो तुह्यासंग उपासाले."

"अन् चहा?" कंचनबाईंनी विचारलं. दिवसाला सहा कप पिणारा हा माणूस!

देवेंद्रशेट बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. "पाहू," ते म्हणाले, आणि मागे बसलेली जिनल फिस्सकन हसली.